कुत्रा हवाय म्हणणाऱ्या मुलाला काय सांगायचं?

गेल्या वर्षी जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, त्या रात्री पुण्यात सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीत, जिन्याखाली मीटरच्या पेट्यांमागे रस्त्यावरची कुत्री भुरी व्यायली. सहा पिल्लं. सकाळी दूध आणायला गेलेली माझी लेक धापा टाकत वर आली, "आई, भुरीला बाळं झालीत!" तेव्हा ती नऊ वर्षांची होती. माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर "हात लावलास का? शी, आधी साबणाने धू."

हात धुवायला सांगितलं ते बरोबरच होतं. पण ते "शी" मला आजही टोचतं. ती आनंद सांगायला आली होती आणि मी तिच्या हातात किळस ठेवली. प्राण्यांवर प्रेम करायला मुलांना शिकवावं लागतं असं आपण म्हणतो. मला नाही पटत. दीड वर्षाचं मूल आपल्या हातातली पोळी भूभूपुढे धरतं. "जेवतोस की भूभूला बोलावू?" हे त्याला आपण ऐकवतो. माया मुलांकडे असतेच. त्या मायेचं रोजच्या कामात रूपांतर कसं करायचं, तेवढं मात्र शिकवावं लागतं, आणि ते मोठ्यांनी सोबत केल्याशिवाय होत नाही.

त्याच दिवशी ती बशीत दूध घेऊन खाली निघाली. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, गाईच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात, आईला नीट खायला घाला, पिल्लांचं ती बघेल. लेक हिरमुसली. मग आम्ही भुरीसाठी भात आणि उकडलेलं अंडं न्यायला लागलो. वाडगं लांब ठेवायचं, मागे सरायचं, ती खात असताना पिल्लांकडे जायचं नाही. महिनाभर रोज, पावसात छत्री घेऊन.

सहावा आठवडा संपत आला होता, लस द्यायला न्यायचं ठरलं होतं, तेवढ्यात दोन पिल्लं मलूल झाली. उलट्या, रक्ताचे जुलाब. पार्वो, म्हणजे कुत्र्यांचा जीवघेणा संसर्ग. सलाइन लावलं, पण तीन दिवसांत दोन्ही गेली. "शेतावर सोडलीत म्हणून सांग तिला, लहान आहे," असं शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांनी प्रेमानेच सांगितलं होतं. मी लेकीला खरं ते सांगितलं. दोन दिवस ती नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "लस आधी दिली असती तर वाचली असती?" मी म्हटलं, "कदाचित." त्यावर काही बोलली नाही. वहीचं एक पान फाडून उरलेल्या चौघांच्या लशींच्या तारखा तिने फ्रिजवर चिकटवल्या. त्यानंतर एकही तारीख चुकली नाही. खोटं सांगितलं असतं तर ते पान लिहिलं गेलं नसतं, असं मला वाटतं.

मग सोसायटीची मीटिंग. "सगळ्यांना सिंहगडाच्या पायथ्याशी सोडून या" असा सूर निघाला. पण केंद्र सरकारच्या २०२३च्या नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजची लस करून त्याला जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. त्याला कारण आहे. हलवलेलं कुत्रं अनोळखी हद्दीत मार खातं आणि इथल्या रिकाम्या जागेवर नसबंदी न झालेली नवी येतात. पिल्लं सुटी झाल्यावर भुरीचं ऑपरेशन झालं. ती कानाला नसबंदी झाल्याची खूण घेऊन परत आली. त्या खुणेचा अर्थ आता आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे.

ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांच्यावर मी कधीच चिडणार नाही. रेबीज एकदा झाला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि चावे मुलांना फार बसतात. म्हणूनच मुलांना शिकवा. झोपलेल्या, खाणाऱ्या, पिल्लांजवळच्या कुत्रीजवळ जायचं नाही. अंगावर आली तर पळायचं नाही, स्तब्ध उभं राहायचं. चावलं, नुसतं ओरखडलं तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. तिखट, हळद, चुना काही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना. पोटातली १४ इंजेक्शनं केव्हाच बंद झाली, आता दंडात मोजके डोस असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, आपल्याकडे मुलं चावल्याचं लपवतात, कारण "कशाला गेला होतास तिकडे?" म्हणून आपण ओरडतो. त्या ओरडण्यापायी जीव जाऊ शकतो. चावलं तर मी रागावणार नाही, हे मुलाला आजच सांगून ठेवा.

आता दत्तक घेण्याबद्दल. "मुलासाठी कुत्रा आणतोय" असं कुणी म्हटलं की मला धास्ती वाटते. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. नऊ वर्षांच्या मुलीसाठी आणलेलं कुत्रं म्हातारं होईल तेव्हा ती वीस-एकवीस वर्षांची, कदाचित परगावी शिकत असेल. ते कुत्रं आई-बाबांचंच असतं, आणि हे घरात येण्याआधी कबूल करायला हवं. तळजाई टेकडीवर मागच्या हिवाळ्यात एक लॅब्रेडोर सापडली होती, गळ्यावर पट्ट्याचा घट्टा पडलेली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे धावायची. कुणीतरी पैसे मोजून आणली असेल, कुणाच्या तरी हट्टासाठी. ज्यांना अजून खात्री नाही त्यांनी मुलांना घेऊन बावधनच्या रेस्क्यू ट्रस्टसारख्या संस्थांकडे चौकशी करावी, आधी थोडे दिवस एखादा प्राणी सांभाळून बघावा. तेही जमणार नसेल तर गेटपाशी पाण्याचं कुंडं ठेवा आणि ते रोज घासून भरायचं काम मुलाला द्या. रोज, कारण साचलेल्या पाण्यात डास होतात.

चौघांपैकी एक धायरीला, एक कर्वेनगरला गेलं. काळ्या आमच्याकडे आहे. ठिपकी राहिली. लोकांना पिल्लू हवं असतं आणि ती आता मोठी दिसते. नसबंदी झाली आहे, लशी पूर्ण आहेत, जिने चढते, फटाक्यांना घाबरते, अनोळखी माणसापाशी यायला तिला दोन-तीन भेटी लागतात. तिला घर हवंय. बाल्कनीत बांधून ठेवणारं नको, वाढदिवसाचं सरप्राइज म्हणून नको. इनबॉक्स करा, आणि भेटायला घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी या. संध्याकाळी सहानंतर लेक क्लासवरून आलेली असते. तिने प्रश्न लिहून ठेवलेत, त्यातला पहिला असा आहे: "दिवाळीत तुम्ही गावाला गेलात तर ठिपकी कुठे राहणार?"