सर, फक्त सही करा

नोव्हेंबर उजाडला की आमच्या डिपार्टमेंटला एलओआरचा, म्हणजे शिफारसपत्रांचा, सीझन सुरू होतो. फायनल इयरची मुलं दोघंदोघं, तिघंतिघं मिळून केबिनच्या दारात उभी राहतात. तीन वर्षांत ज्यांनी कधी एक शंका विचारली नाही, तीही एकदम अदबीने बोलायला लागतात. "सर, एलओआर पाहिजे होतं." कुठल्या युनिव्हर्सिटीसाठी, कुठल्या कोर्ससाठी, असं मी विचारायच्या आत फाइलमधून कागद बाहेर येतो. "ड्राफ्ट रेडी आहे सर. लेटरहेडवर घेतलाय. फक्त सही करा."

यंदापासून मी अशी सही करणार नाही. आत्ताच जाहीर सांगतोय, म्हणजे ऐनवेळी रुसवेफुगवे नकोत.

अमेरिकेत एमएसला अर्ज करायचा तर बहुतेक ठिकाणी दोन-तीन शिफारसपत्रं लागतात. करोनानंतर कितीतरी युनिव्हर्सिट्यांनी जीआरई ही प्रवेशपरीक्षा ऐच्छिक केली. मग मार्कशीट सोडली तर तिथल्या कमिटीसमोर उरतं काय? मुलाने स्वतःबद्दल लिहिलेला एसओपी आणि मास्तरांनी त्याच्याबद्दल लिहिलेलं पत्र. ही दोन्ही एकाच हाताने लिहिलेली असली, आणि तो हात मुलाचाही नसून कन्सल्टन्सीतल्या कुणाचा किंवा चॅटजीपीटीचा असला, तर त्या कमिटीने वाचायचं काय?

मागे दोन मुलांचे ड्राफ्ट लागोपाठ आले. दोन्हींत मी एका पावसाळी रात्री दहा वाजता लॅबमध्ये डोकावतो आणि हा पठ्ठ्या एकटाच सर्किटशी झुंजत बसलेला मला दिसतो. फक्त नावं वेगळी. आता आमची मशिन्स लॅब पाचला बंद होते. शिपाई मामा कुलूप लावतात आणि साडेपाचची एसटी पकडतात. प्राचार्य आले तरी मामा थांबत नाहीत, तिथे रात्री दहाला मी कशाला मरायला जातोय?

पोर्टलवर पत्राबरोबर बहुतेक वेळा एक तक्ताही भरायचा असतो. हुशारी, चिकाटी, लिखाण वगैरे, आणि प्रत्येकापुढे प्रश्न असतो की हा विद्यार्थी वरच्या 5 टक्क्यांत, 10 टक्क्यांत की 25 टक्क्यांत? मुलं सांगायला येतात, "सर, सगळीकडे टॉप फाइव्ह करा, कन्सल्टंटने सांगितलंय." अरे, माझ्या वर्गात 60 मुलं. त्यांचे 5 टक्के म्हणजे तीन. उरलेल्या सत्तावन्नांचं मी काय करू?

खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेत फेर्पा नावाचा 1974 चा कायदा आहे. प्रवेश घेतल्यावर विद्यार्थ्याला आपल्या फाइलमधली कागदपत्रं बघायचा हक्क या कायद्याने मिळतो, आणि त्यात शिफारसपत्रही येतं. म्हणून अर्जातच विचारतात, हा हक्क तू सोडतोस का? पत्र मुलाच्या नजरेला पडणार नसेल तर मास्तर मोकळेपणाने लिहील, असा त्यामागचा विचार. आमची पोरं 'सोडतो'वर टिक करतात. पत्र स्वतः लिहायचं, काही महाभाग तर मास्तरांच्या नावाने जीमेल काढून ते अपलोडही स्वतःच करतात, आणि वर लिहून द्यायचं की हे पत्र मी कधी बघणार नाही! हे उघडकीला आलं तर मिळालेली अ‍ॅडमिशनही जाऊ शकते. अर्जाची फी एकेका ठिकाणी 75 ते 100 डॉलर. आठ ठिकाणी अर्ज केला तर नुसत्या फीचेच 50 हजारांच्या वर जातात. घरच्यांच्या पैशावर एवढी जोखीम कोण घेतं?

मास्तर लोकही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. पेपर तपासणी, नॅकच्या फायली, जूनमध्ये अ‍ॅडमिशनची ड्युटी, यात पत्रं लिहायला वेळ कुठून आणायचा, म्हणून सही ठोकून मोकळे होतात. दुसरं कारण कुणी उघड बोलत नाही. जन्मभर अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी करून थ्री-फेज शिकवलेल्या माणसाला पानभर इंग्रजी लिहायचं म्हणजे धडकी भरते. त्या सगळ्यांना मी सांगतो की तुमचं साधं, ओबडधोबड इंग्रजी चालेल. त्यात तुम्ही वर्गात बघितलेली एक गोष्ट असली म्हणजे झालं.

उदाहरण देतो. इंडक्शन मोटरची नो-लोड टेस्ट. पॉवर मोजायला दोन वॉटमीटर लावतात. मोटरवर लोड नसला की पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) 0.5 च्या खाली जातो आणि एका वॉटमीटरचा काटा उलटा फिरतो. मग कनेक्शन बदलून काटा सरळ करायचा आणि ते रीडिंग वजा धरायचं. निम्मा वर्ग सीनियरच्या जर्नलवरून उतरवतो, त्यात ती वजाची खूण कधीच गळून गेलेली असते. एका मुलीच्या जर्नलमध्ये ती होती. शेजारी पेन्सिलने 'काटा उलटा गेला' एवढंच लिहिलेलं. तोंडी परीक्षेला एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, त्यावर लाल रेघ मारली, तर ती म्हणाली, "सर, मोटर परत चालवून बघूया का?" चालवली. काटा उलटा गेला. एक्स्टर्नलनी हसून रेघेवर सही केली.

तिचं पत्र मी त्या वजाच्या खुणेवर लिहिलं. दीड पान झालं. तिला अ‍ॅडमिशन त्या पत्राने मिळाली असं मी म्हणणार नाही, तिचे मार्कही चांगले होते. पण ते पत्र दुसऱ्या कुणाच्या नावाने खपलं नसतं, एवढं नक्की.

कोलंबियातले प्रा. एडविन सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना बाबासाहेबांसाठी शिफारसपत्र लिहिलं होतं. बाबासाहेब सेलिग्मन यांच्या वर्गात बसलेले, म्हणजे लिहिणारा त्यांना ओळखत होता. माझं म्हणणं तेवढंच आहे.

आणि सगळ्यांना एलओआर लागतंच असंही नाही. जर्मनीतल्या बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिट्या ते मागत नाहीत. तिथे तुमची मार्कशीट बोलते. 10 पैकी 8 सीजीपीए आणि पासिंग 4 असेल तर परदेशी मार्क जर्मन श्रेणीत बदलायच्या त्यांच्या बव्हेरियन सूत्राने 2.0 येतात (तिकडे 1 म्हणजे सर्वांत चांगलं, उगाच घाबरू नका). नोव्हेंबर 2022 पासून भारतीय मुलांना एपीएस सर्टिफिकेट लागतं, त्यात तुमची कागदपत्रं खरी आहेत का ते तपासतात. तिकडे जाणाऱ्यांनी माझ्या केबिनला चकरा मारण्यापेक्षा ट्रान्स्क्रिप्टसाठी वेळेत अर्ज करावा, कारण आपल्याकडे त्याला किती दिवस लागतील ते ब्रह्मदेवही सांगू शकत नाही.

तर ज्यांना माझं पत्र हवंय त्यांनी ऑगस्टअखेरपर्यंत यायचं. माझ्या विषयाचं जर्नल, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि मार्कशीट आणायची. माझ्या लॅबमध्ये काय जमलं आणि काय जमलं नाही, ते एका पानावर लिहून आणायचं, मराठीत लिहिलं तरी चालेल. मला तुमच्याबद्दल लिहिण्यासारखं काही आठवलं नाही तर तसं तोंडावर सांगेन, म्हणजे दुसऱ्या सरांकडे जायला हातात वेळ राहील. रोज 3 ते 4 मी केबिनमध्ये असतो.