टेस्ट पास झाल्या म्हणजे कोड सुरक्षित? हे कोणी सांगितलं?

परवा भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला: ‘तीन महिन्यांत सेफ्टी-क्रिटिकल प्रोग्रामर व्हा’, म्हणजे ज्या कोडच्या चुकीने माणसाचा जीव जाऊ शकतो तो लिहिणारे. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिका, मिस्राचे (सी सुरक्षितपणे कसं लिहायचं याचे) नियम पाठ करा, कागदपत्रं फक्त ऑडिटपुरती असतात, आणि वर्षानुवर्षं चाललेला, सगळ्या टेस्ट पास झालेला कोड म्हणजे सुरक्षित कोड. भाचा तीन वर्षं हिंजवडीत वेब ॲप लिहितोय, क्लासची फी भरायच्या बेतात होता. “मामा, खरंय का?”

मी ब्रेकच्या कंट्रोलरचा कोड लिहितो. त्या शेवटच्या वाक्याने माझं डोकंच फिरलं.

थेरॅक-25 हे कॅनडात बनलेलं रेडिएशनचं मशीन. 1985 ते 1987 या काळात त्याने सहा रुग्णांना भयंकर जास्त डोस दिला. मार्च 1986, टेक्सासमधलं टायलर. ऑपरेटरने ‘ई’ऐवजी (इलेक्ट्रॉन) सवयीने ‘एक्स’ (एक्स-रे) दाबला. चूक दिसताच कर्सर वर नेऊन दुरुस्त केली आणि भराभर एंटर मारत खाली आली. हात बसलेला, आठ सेकंदही लागले नाहीत. आत मॅग्नेट जागेवर येत होते, तेवढ्यात झालेला बदल प्रोग्रॅमला कळलाच नाही. ‘मालफंक्शन 54’ असा मेसेज आला. असले मेसेज रोजचेच, म्हणून तिने ‘पी’ दाबून उपचार पुढे चालू केला. ठरलेला डोस 180 रॅड (रेडिएशन मोजायचं एकक) होता, नंतरचा अंदाज 16,500 ते 25,000 रॅडचा. पाच महिन्यांनी तो माणूस गेला.

कंपनीला हा बिघाड आधी सापडेचना. हॉस्पिटलमधल्यांनी पटापट टाइप करून तो पुन्हा घडवून दाखवला. आणि ‘वर्षानुवर्षं चाललेला कोड’? हीच चूक आधीच्या थेरॅक-20 मध्येही होती. तिथे हार्डवेअरचं इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच मशीन अडवणारी यंत्रणा होती, त्यामुळे फक्त फ्यूज उडायचे. नव्या मशीनमध्ये ते इंटरलॉक काढलं आणि सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला. लेव्हसन आणि टर्नर यांच्या 1993 च्या शोधनिबंधात हे सगळं आहे, फी न भरता वाचता येतं.

सीचं व्याकरण तीन महिन्यांत येतं, हे मान्य. मिस्राचे नियमही वाचून होतात, आणि तपासायला टूल असतं. ऑडिटच्या आदल्या रात्री कागद रंगवणारे लोक मी पाहिलेत, तेही नाकारत नाही. पण ‘ही रिक्वायरमेंट कुठल्या धोक्यामुळे आली आणि कुठल्या टेस्टने तपासली’ हे ज्या कागदावर सापडतं, तो दिखावा नव्हे. गाड्यांसाठी आयएसओ 26262, वैद्यकीय उपकरणांसाठी आयईसी 62304, दोन्ही तेच मागतात.

भाच्याला म्हटलं, फी राहू दे. तुझ्याच ॲपचा पेमेंटचा स्क्रीन घे. माणूस मागे जाऊन आकडा बदलतो आणि आधीची रिक्वेस्ट अजून चालूच आहे, तेव्हा काय होतं ते लिहून काढ. रविवारी घेऊन ये, बसून बघू.