मेंदूतील रक्तस्राव आणि ‘बिनाशस्त्रक्रिया’ उपचार: खुलासा

‘डोक्यातला रक्तस्राव आता मनगटातून नळी घालून कायमचा थांबतो, कवटीला छिद्र पाडण्याची गरज नाही’ हा नागपुरातील व्हॉट्सॲप गटांत फिरणारा संदेश अर्धवट आहे. ही प्रक्रिया खरी असली, तरी ती मेंदूवरील आवरणाखाली हळूहळू साचणाऱ्या, बहुधा वृद्धांत आढळणाऱ्या रक्तासाठी, म्हणजे क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमासाठी आहे. रक्तदाबाने मेंदूच्या आत होणाऱ्या रक्तस्रावाशी तिचा संबंध नाही. मनगटातून किंवा जांघेतून नेलेल्या कॅथेटरने आवरणाची मधली धमनी बंद केली जाते, जेणेकरून साचलेल्या रक्ताभोवतीच्या पडद्यातील नाजूक वाहिन्या पुन्हा पाझरू नयेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘एम्बोलाइज’ चाचणीत केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ११.३ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या जोडीला ही प्रक्रिया झालेल्यांपैकी ४.१ टक्के रुग्णांना ९० दिवसांत पुन्हा शस्त्रक्रिया लागली. ‘जोडीला’ हा तपशील संदेशातून नेमका गळला आहे. त्याच वर्षीच्या चीनमधील मोठ्या चाचणीत फरक निर्णायक ठरला नाही, शिवाय प्रक्रियेत पक्षाघाताचा धोका थोडा का होईना असतोच. झापड किंवा एका बाजूची अशक्तता वाढत असलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया या संदेशाच्या भरवशावर लांबवू नये.