‘वर्षभरानं गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्यांसाठी एक मेसेज फिरतोय: व्हिटॅमिनच्या गोळ्या वर्षभरच घ्या, पुढे हा नुसता कंपन्यांचा धंदा आहे, स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढण्याचं ऑपरेशन) झाली असेल तर त्यांची गरजच नाही, रिपोर्ट नॉर्मल आला की विषय संपला, आणि उलट्या होत असतील तर सगळ्या गोळ्या थांबवून ग्लुकोजच्या पाण्यावर राहा. माझ्या मावसबहिणीनं तो मला पाठवून विचारलं, “मग मी बंद करू का?” अजिबात नाही.

आधी उलट्यांचं, कारण या सल्ल्यानं माणूस कायमचा अधू होऊ शकतो. थायमिनचा, म्हणजे बी-१चा, शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. ऑपरेशननंतर खाणं आधीच कमी, त्यात उलट्या लागल्या की तो झपाट्यानं संपतो. आणि ग्लुकोज पचवायला थायमिनच लागतं! नुसतं ग्लुकोज पोटात गेलं की उरलंसुरलंही खर्ची पडतं. मग बुबुळं थरथरतात, एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. याला वर्निके एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. उपचाराला उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. उलट्या थांबत नसतील तर तडक हॉस्पिटल गाठायचं, ऑपरेशन झाल्याचं सांगायचं आणि सलाइन लावण्याआधी थायमिनचं विचारायचं.

स्लीव्हमध्ये आतड्याला हात लावत नाहीत, हे खरं. बायपासइतकं (म्हणजे ज्यात जठर लहान करून अन्नाला आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे नेतात, त्या ऑपरेशनइतकं) लोहाचं आणि कॅल्शियमचं शोषण त्यात बिघडत नाही, तेवढं मान्य. पण जठराचा जो मोठा भाग काढून टाकतात, तिथेच आम्ल आणि इन्ट्रिन्सिक फॅक्टर (बी-१२ शोषायला लागणारं प्रथिन) तयार होतात. ते कमी पडले की अन्नातलं बी-१२ नीट अंगी लागत नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून पहिला रिपोर्ट चांगला येतो. शिवाय तो गोळ्या चालू असतानाचा! हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबलं तर नसांचं नुकसान पुरतं भरून येईलच असं नाही.

अमेरिकेतल्या बॅरिअ‍ॅट्रिक सर्जन्सच्या संघटनेच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्लीव्ह आणि बायपास दोन्हींसाठी बी-१२ तोंडानं घ्यायचं तर रोज ३५० ते ५०० मायक्रोग्रॅम सांगितलंय. त्यात ‘वर्षभरच’ असं कुठेही नाही.

राहिला ‘कंपन्यांचा धंदा’. मनानं वाटेल तेवढ्या गोळ्या घेऊ नयेत हे बरोबरच, ए आणि डी अंगात साठतात. त्यासाठी दरवर्षी रक्त तपासून डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यायचा. आणि ताई, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नकोस, मध्ये दोन तास जाऊ दे.