पुस्तकांच्या धंद्यावरची पुस्तकं जुनीच घ्यावीत

"सध्या काय वाचतेयस?" असं कुणी विचारलं की मी हल्ली जरा चाचरते. कारण खरं उत्तर असतं, "पुस्तकं कशी विकतात, यावरचं पुस्तक." त्यानंतर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला आता पाठ झालंय. नाटकाला जाऊन पडदा ओढणाऱ्याशी गप्पा मारत बसणारी बाई, असं काहीतरी त्याला वाटत असावं. फारसं चूकही नाही ते.

गेली दहा-बारा वर्षं मी ही पुस्तकं जमवतेय. प्रकाशकांच्या आठवणी, दुकानदारांची आत्मचरित्रं, प्रकाशनसंस्थांचे सुवर्णमहोत्सवी इतिहास, प्रकाशक होऊ इच्छिणाऱ्यांसाठीची मार्गदर्शकं. जवळजवळ सगळी जुनी, वापरलेली. सुरुवातीला कारण साधं होतं, नवी मिळतच नव्हती. अशी पुस्तकं एकदा निघतात, धंद्यातली माणसं ती घेतात, आणि पुन्हा छापायचं कुणी नाव काढत नाही. प्रकाशनावरचं पुस्तक खपत नाही हे प्रकाशकाइतकं कुणाला माहीत असणार? पण आता माझं मत पक्कं झालंय. नवी मिळत असतील तरीही या एका विषयावरची पुस्तकं जुनीच घ्यावीत.

कारण धंदा कसा चालतो हे लेखक आत सांगत असतो, आणि धंद्याने त्या पुस्तकाचं काय केलं ते प्रतीच्या अंगावर दिसत असतं. माझ्याकडे एका प्रकाशकाचं आत्मचरित्र आहे. आपण एकही पुस्तक कधी पडेल भावात फुंकलं नाही, या विषयावर गृहस्थांनी अख्खं प्रकरण खर्ची घातलंय. त्याच पुस्तकाच्या खालच्या कडेवर, पानांच्या जाडीवर, काळ्या मार्करची एक रेघ आहे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. न खपलेला साठा घाऊक भावात काढून टाकताना कडेवर अशी रेघ, ठिपका किंवा शिक्का मारतात. नाहीतर दुकानदार ज्या न खपलेल्या नव्या प्रती परत करतात त्यांत मिसळून तीच प्रत पूर्ण किमतीच्या हिशेबाने प्रकाशकाकडे परत यायची. म्हणजे बढाई आणि तिचा निकाल एकाच बांधणीत! इ-बुकात ती रेघ मला कोण दाखवणार होतं?

अशा खुणा वाचायला शिकलात की निम्मं शिक्षण मजकुराला हात न लावताच होतं. जॅकेटच्या, म्हणजे पुस्तकावरच्या सुट्या कागदी वेष्टनाच्या, आतल्या घडीचा कोपरा तिरका कापलेला असला तर तिथली किंमत उडवलेली असते. कधी भेट देणाऱ्याने, कधी किंमत बदलताना विक्रेत्याने किंवा खुद्द प्रकाशकाने. बऱ्याच इंग्रजी पुस्तकांत टायटलमागच्या पानावर १ ते १० अशी आकड्यांची ओळ असते, आणि प्रत्येक पुनर्मुद्रणाला त्यातला सगळ्यात लहान आकडा काढून टाकतात. म्हणजे ओळीत सगळ्यात लहान आकडा ४ असला तर तुमच्या हातात चौथं मुद्रण आहे. सभासदांना स्वस्तात पुस्तकं पुरवणाऱ्या बुक क्लबसाठी काढलेल्या प्रतीच्या जॅकेटवर बहुधा किंमतच नसते. वाचनालयातून काढून टाकलेल्या प्रतीत तारखांची चिठ्ठी तशीच राहून जाते. विक्री कशी वाढवावी हे छातीठोकपणे शिकवणारं माझ्याकडचं एक पुस्तक वीस वर्षांत तीनदा बाहेर गेलंय.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश प्रती माझ्या विशेष लाडक्या. १९४० पासून तिथे कागदाचं रेशनिंग होतं. प्रकाशकाला युद्धापूर्वी तो जितका कागद वापरायचा त्याच्या ठरावीक टक्केच मिळायचा. त्यात २९ डिसेंबर १९४० च्या रात्री बॉम्बहल्ल्यात लंडनमधली पॅटरनॉस्टर रो ही पुस्तकवाल्यांची गल्ली जळाली, आणि सुमारे ५० लाख पुस्तकं एका रात्रीत गेली. हे तुम्ही कुठल्याही इतिहासात वाचू शकता. पण त्या काळात छापलेलं पुस्तक हातात घ्या. पातळ, पिवळा, मागचा मजकूर पुढे दिसणारा कागद, समास जेमतेम बोटभर, टाइप बारीक, आणि कित्येक प्रतींत एका सिंहाचं छोटंसं चित्र, की ही प्रत युद्धकाळातल्या काटकसरीच्या नियमांप्रमाणे काढली आहे. कागदटंचाईबद्दल पाच पानं वाचून जे कळत नाही ते त्या कागदावर बोट फिरवलं की कळतं.

आता ही पुस्तकं शोधायची कशी? ऑनलाइन शोधाच्या चौकटीत 'पब्लिशिंग' हा शब्द टाकून बघा, म्हणजे गंमत कळेल. जगातलं प्रत्येक पुस्तक समोर येतं, कारण प्रत्येकाच्या नोंदीत कुठल्यातरी पब्लिशिंग कंपनीचं नाव असतंच! मी आता लेखकाच्या किंवा संस्थेच्या नावानेच शोधते. दुकानात तर आणखी मजा. या विषयाला स्वतःचं कपाटच नसतं. वाचनालयांच्या ड्यूई वर्गीकरणात प्रकाशन ०७०.५ मध्ये, म्हणजे पत्रकारितेच्या कडेवर. पुस्तक या वस्तूचा इतिहास ००२ मध्ये. छपाई आणि बांधणी पार ६८६ मध्ये. पुस्तकांच्या व्यवस्थेने स्वतःच्याच भाईबंदांना तीन टोकांना पाठवलंय, तर जुनी पुस्तकं विकणारा बिचारा काय करणार? तो ती चरित्रांत घालतो, व्यवस्थापनात घालतो, संदर्भग्रंथांत घालतो. एकदा तर मला पुस्तकांच्या दुकानदारीवरचं पुस्तक 'छंद' या फळीवर, टपालतिकिटांच्या शेजारी सापडलं. पण या गोंधळाचा फायदाही आहे. जे कुठे ठेवायचं हे विक्रेत्याला कळत नाही, त्याची किंमतही तो जरा बिचकतच लावतो.

फसगतही झाली आहे. जेम्स लॅकिंग्टनच्या आठवणी मला फार दिवस हव्या होत्या. हा अठराव्या शतकातला मोचीकाम करणारा माणूस. १७७४ मध्ये त्याने लंडनमध्ये जोड्यांच्या शेजारी जुन्या पुस्तकांचं दुकान मांडलं आणि पुढे शहरातल्या सगळ्यात मोठ्या पुस्तकविक्रेत्यांत जाऊन बसला. त्याच्या आठवणी १७९१ मध्ये आल्या. ऑनलाइन एक 'वापरलेली, उत्तम स्थितीतील' प्रत दिसली, तातडीने मागवली. आली ती चकचकीत मुखपृष्ठाची. मुखपृष्ठावर एक सूर्यास्त, त्याचा लॅकिंग्टनशी काय संबंध देव जाणे. आत जुन्या प्रतीच्या स्कॅनचं मागणीनुसार केलेलं प्रिंटआउट. तीन पानं वाकडी, दोन गायब, आणि एका पानाच्या कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. पुस्तकविक्रीच्या गुरूचं पुस्तक कसं विकू नये याचा तो नमुनाच होता. तेव्हापासून प्रकाशनवर्ष जुनं आणि बांधणी नवी दिसली की मी आधी टायटलमागच्या पानाचा फोटो मागते. विक्रेता टाळाटाळ करू लागला की तिथेच थांबते.

तरी ती अंगठेवाली प्रत मी टाकली नाही. कारण लॅकिंग्टन भन्नाट आहे. नाताळच्या आदल्या दिवशी घरात शेवटचं अर्ध्या क्राउनचं नाणं उरलेलं, ते घेऊन हा जेवणाचं सामान आणायला बाहेर पडला आणि कवितेचं पुस्तक घेऊन घरी आला! बायकोला सांगितलं, जेवण उद्यापर्यंत संपलं असतं, पुस्तक पन्नास वर्षं पुरेल. (बायकोची बाजू मात्र आपल्याला त्याच्याच तोंडून ऐकावी लागते.) पण मला त्याचं त्याहून मोठं वाटतं ते दुसरंच. त्या काळी घाऊकीत घेतलेल्या पडेल साठ्यातला निम्मा, कधी पाऊण भाग विक्रेते नष्ट करत आणि उरलेल्या प्रती चढ्या दराने विकत. लॅकिंग्टनही आधी तेच करायचा. मग त्याने ते सोडलं, सगळाच्या सगळा साठा स्वस्तात विकायला काढला, आणि उधारी साफ बंद केली. रोख द्या, पुस्तक न्या. धंद्यातली इतर मंडळी खवळली. आज आपण स्वस्त पुस्तकांच्या ढिगात हात घालतो, तो ढीग जाळायचा नसतो हे कुणीतरी आधी हिशेब मांडून दाखवावं लागलं होतं.

नेमकं घ्यायचं काय, यावर माझी मतं जरा एकांगी आहेत. संस्थांचे महोत्सवी इतिहास मी आता घेत नाही. त्यांत संस्थापक दूरदर्शी असतो, दुसरी पिढी कर्तबगार असते, आणि शेवटच्या प्रकरणात नवी इमारत असते. प्रकाशकांच्या आठवणी वाचनीय असतात, पण पैशाचा विषय आला की मंडळी एकदम सुसंस्कृत होतात. कुठल्या लेखकाबरोबर काय जेवलो याची पानंच्या पानं, आणि रॉयल्टी किती दिली यावर एक ओळ नाही.

खरा माल मार्गदर्शकांत असतो, आणि ती जितकी कालबाह्य तितकी बरी. स्टॅनली अन्विनचं १९२६ मधलं 'द ट्रुथ अबाउट पब्लिशिंग' घ्या. प्रकाशक होणं सोपं, टिकणं अवघड, या धंद्यात बालमृत्यू फार, अशा अर्थाचं तो सांगतो आणि मग थेट हिशेबाला बसतो. हे पुस्तक पुढे कित्येकदा सुधारून निघालं. माझ्याकडे त्याच्या दोन वेगवेगळ्या काळातल्या आवृत्त्या आहेत, आणि त्या शेजारी ठेवून वाचण्यात जे सुख आहे ते मला कादंबरीत क्वचितच मिळालंय. कुठला परिच्छेद गळला, कुठला आकडा बदलला, कुठली तक्रार जशीच्या तशी राहिली! ब्रिटनमध्ये १९०० पासून असा करार होता की प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीखाली नवं पुस्तक विकायचं नाही. तो १९९५ मध्ये मोडला आणि १९९७ मध्ये न्यायालयाने बेकायदा ठरवला. त्याआधीची मार्गदर्शकं या कराराबद्दल इतकी निर्धास्त असतात, जणू सूर्य पूर्वेलाच उगवतो म्हणून सांगताहेत. जुन्या मार्गदर्शकाचा उपयोग तोच. आपली आजची कोणकोणती गृहीतकं अशीच सूर्यासारखी वाटताहेत, याचा अंदाज घ्यायला ते बरं पडतं.

आता तो प्रश्न. जुनं पुस्तक घेतलं की लेखकाला दमडी मिळत नाही, प्रकाशकालाही नाही. मग प्रकाशनव्यवसायाबद्दल एवढा जिव्हाळा असलेल्या बाईने हे करावं का? मला हे एका प्रकाशनसंस्थेत काम करणाऱ्या मित्राने तोंडावर विचारलंय. टाळण्यासारखा प्रश्न नाही.

कायद्याचं उत्तर जुनं आहे. अमेरिकेत बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने एका कादंबरीत सूचनाच छापली होती की किरकोळ किंमत एक डॉलर, त्याखाली विकाल तर कॉपीराइटचा भंग समजू. मेसीज या दुकानाने ती खुशाल ८९ सेंटला विकली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९०८ मध्ये निकाल लागला, की प्रत एकदा विकली की पुढची विक्री कशी व्हावी हे कॉपीराइटच्या जोरावर ठरवता येत नाही. आपला सगळा जुन्या पुस्तकांचा बाजार या तत्त्वावर उभा आहे. पण कायद्याने चालतं म्हणून न्यायाचं झालं असं नाही. फ्रान्समध्ये १९२० पासून चित्रकाराला त्याचं चित्र पुन्हा विकलं गेलं की वाटा मिळण्याचा हक्क आहे, आणि नंतर बऱ्याच देशांनी तो घेतला. लेखकाला तसं काही नाही. ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये वापरलेल्या पुस्तकांच्या व्यापारातून लेखकांना थोडा वाटा देणारी एक योजना सुरू झाली, तीही स्वखुशीची.

माझा नियम ढोबळ आहे. लेखक हयात आणि पुस्तक बाजारात असेल तर आधी नवी प्रत घेते, मग जुनीही शोधते. हो, दोन्ही. घरात जागा नाही हे मला माहीत आहे, कृपया कॉमेंटमध्ये सांगू नका. पण ज्या पुस्तकाला त्याच्याच प्रकाशकाने वाऱ्यावर सोडलं, ते कुणा जुन्या पुस्तकवाल्याने तीस वर्षं कोरड्या जागी सांभाळलं असेल, तर माझे पैसे त्याला मिळण्यात मला काही गैर वाटत नाही. मित्राला हे पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, सगळे वाचक असेच वागले तर नवी पुस्तकं काढायची कुणी? याला माझ्याकडे उत्तर नाही. सगळे वाचक प्रकाशनावरची पुस्तकं घेणार नाहीत, एवढंच म्हणू शकते.

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या पुस्तकवाल्याने दुकान बंद केलं आणि त्याच्या स्वतःच्या कपाटातली पुस्तकं एकगठ्ठा विकायला निघाली. त्यातली नऊ मला मिळाली, सगळी याच विषयावरची. माणूस पेन्सिल हातात धरून वाचणारा. एका नामवंत प्रकाशकाने लिहिलंय की आम्ही विक्रेत्यांना नेहमी कुटुंबीय मानलं. त्याच्या समासात एकच शब्द: "बिल?" दुसऱ्या एका पुस्तकात साठा मोजण्याच्या पद्धतीवर त्याने लेखकाची बेरीज दुरुस्त केलीय, आणि त्याचीच बरोबर आहे. मी करून पाहिली.

पण माझी झोप उडवलीय ती शेवटच्या कोऱ्या पानावरच्या पेन्सिलच्या अक्षरांनी. जुने पुस्तकवाले आपली खरेदीची किंमत गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून सांकेतिक लिपीत लिहून ठेवतात. एकही अक्षर पुन्हा न येणारा दहा अक्षरांचा एक शब्द निवडायचा आणि प्रत्येक अक्षराला एकेक अंक द्यायचा. घासाघीस सुरू झाली की मागचं पान उघडायचं, कितीपर्यंत उतरता येईल ते कळतं, आणि समोरच्याला दिसतात नुसती दोन-तीन अक्षरं. नऊही पुस्तकांत ती आहेत. त्यांतून आतापर्यंत सात वेगवेगळी अक्षरं निघाली. एक अक्षर नेहमी शेवटीच येतं, तेव्हा ते शून्य असावं असा माझा कयास आहे. तीन अक्षरं अजून बाकी आहेत. त्याच गठ्ठ्यातली पुस्तकं कुणाकडे असतील तर शेवटचं पान उघडून तेवढं कळवा.