‘घरचा माणूस सोबत द्या, काम होतं’ : बहिऱ्यांच्या व्यसनमुक्तीबद्दलच्या एका फॉरवर्डला उत्तर

नागपूरच्या बऱ्याच ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा : बहिरी माणसं फारशी व्यसनी नसतातच. एखादा निघालाच तर घरचा माणूस सोबत देऊन कुठल्याही केंद्रात भरती करा. लिहून दाखवता येतं, ओठ वाचता येतात, कानाला मशीन आहेच. वेगळी सोय मागणं म्हणजे पैशाची उधळपट्टी. खाली ‘अगदी बरोबर भाऊ’ची रांग.

पहिला दावा पानठेल्यावरच निकालात निघतो. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घ्यायला बोलावं लागत नाही. बोट दाखवलं की पन्नीवर घोटलेला खर्रा हातात. देशीच्या दुकानातही तेच. विकणाऱ्यांना बहिऱ्यांच्या खुणा बरोबर कळतात, अडतं ते व्यसन सोडवणाऱ्यांच्या दारात. 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइनसुद्धा फोन लावून बोलायची. मग केंद्रात बहिरे दिसणार कुठून?

लिहून दाखवायचं म्हणाल, तर जन्मापासून बहिऱ्या असलेल्या अनेकांची पहिली भाषा खुणांची असते, मराठी नंतरची. नाव, पत्ता, गोळीची वेळ चिठ्ठीवर भागतं. तलफ येते तेव्हा मनात काय चालतं, ते ऐकू येणाऱ्या माणसालाही चिठ्ठीवर मांडता येणार नाही. ओठांचं म्हणाल तर आरशासमोर ‘पाप’, ‘बाप’, ‘माप’ म्हणून बघा, तिन्ही सारखेच दिसतात. त्यात केंद्रातल्या गटचर्चेत वीस जण गोल करून बसलेले. कोण बोलतंय हे शोधेपर्यंत त्याचं बोलून झालेलं असतं. मशीन आवाज मोठा करतं, पण पंख्याचाही करतं.

आता घरचा माणूस. मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. दुभाषी म्हणून बायको बसली आहे. नवऱ्याने तिचेच दागिने गहाण टाकलेत, तिच्यावरच हात उचललाय. समुपदेशकाला हे तो तिच्याच तोंडून सांगणार? समुपदेशक पाच मिनिटं बोलतो, तीही बिचारी वैतागलेली, दोन खुणांत आटोपते : दारू, सोड. काही घरांत खुणांची भाषा नीट येणारी एकटी शाळकरी मुलगीच असते, मग बापाच्या कबुल्या तिने ऐकायच्या आणि तिनेच सांगायच्या.

दारू सोडवण्यासाठी देतात त्या डायसल्फिरामच्या गोळीचंच बघा. तिच्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, धाप लागते, रक्तदाब घसरतो. प्रसंगी जिवावर बेततं. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. आता हे घाईघाईत ‘गोळी, दारू, नको’ एवढ्या खुणांत सांगितलं, तर माणूस काय समजेल? दारू प्यायची असेल त्या दिवशी गोळी घ्यायची नाही! आणि संमतीच्या कागदावर सही तर झालेली असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थांनाही लागू आहे. रुग्णाची गुप्तता त्यात हक्क म्हणून आहे, आणि उपचारांची माहिती त्याला समजेल अशा सोप्या भाषेत, खुणांच्या भाषेत किंवा चित्रांतून द्यावी, असंही त्यात लिहिलंय.

भरती केलं की संपलं, हेही खरं नाही. दारू बंद झाल्यावर दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, ते आरडाओरडा करतात आणि मग हात पलंगाला बांधले जातात. खुणांनी बोलणाऱ्याचं तोंडच बांधलं की ते! त्याला पाणी मागायचं असलं तरी कसं मागणार? रात्री वॉर्डातला दिवा मालवला की उरलंसुरलंही गेलं.

राहिली उधळपट्टी. अमेरिकेत मिनियापोलिसला 1989 पासून बहिऱ्यांसाठी व्यसनमुक्तीचा स्वतंत्र उपक्रम चालला. तिथे व्यसनाने काय काय नासलं ते लिहायला न लावता त्याची चित्रं काढायला लावत. खर्च काय, तर कागद आणि रंगीत पेनं. वेगळी इमारत नागपुरात मलाही नको आहे, तिथे मेसेजवाल्यांशी माझं भांडण नाही. मेडिकल, मेयो, एम्स, प्रादेशिक मनोरुग्णालय ही सरकारी रुग्णालयं इथे आहेतच. या चौघांत मिळून पगारी, गुप्तता पाळणारा एक प्रशिक्षित दुभाषी, निकडीच्या वेळी तोच व्हिडिओ कॉलवर, आठवड्यातला एक ठरलेला वार बहिऱ्यांच्या गटासाठी, आणि केस पेपर काढायच्या खिडकीवर मेसेज करता येईल असा एक नंबर. मागणी एवढीच आहे.