पायऱ्या चिपमध्ये असतात, सुरात नसतात

‘डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो. दोन पायऱ्यांमधली मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) चिप खाऊन टाकते. ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झचा डॅक घ्या, तरच खरा सूर ऐकू येईल.’ जिन्याचं चित्र लावलेला हा मेसेज सध्या इंदूरच्या गाण्याच्या ग्रुपांवर फिरतोय. रामबागेतल्या एका काकांनी तो वाचला आणि वर्षभर खपून कॅसेटवरून उतरवलेल्या फायली पुसायला घेतल्या. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी पायऱ्यांचं बघू. डॅक म्हणजे आकड्यांवरून विजेचा दाब तयार करणारी चिप. सीडीत सेकंदाला ४४,१०० आकडे असतात (म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ) आणि प्रत्येक आकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पातळ्यांपैकी एक. जुन्या धर्तीच्या डॅकमध्ये तर रेझिस्टरची चक्क शिडी असते. दर बिटामागे एक स्विच, आणि प्रत्येक बिटाचा वाटा आधीच्याच्या निम्मा. शिडीतून निघतो तो दाब पायऱ्यांचाच. इथवर मेसेज बरोबर आहे. पण चित्र काढणारा इथेच थांबला. शिडीच्या पुढे फिल्टर असतो. पायऱ्यांचे ते टोकदार कोपरे म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या वरच्या कंप्रता. फिल्टर त्या काढून टाकतो आणि उरते सलग लाट. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४९ मध्ये हे गणिताने मांडलं: आवाजातली सर्वांत वरची कंप्रता सेकंदाला घेतलेल्या आकड्यांच्या निम्म्याहून कमी असेल, तर त्या आकड्यांतून एकच लाट जाऊ शकते, दुसरी नाही. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, सीडीचं निम्मं २२,०५० होतं. मींड कुठे हरवणार?

मी पिथमपूरला कंट्रोल पॅनलचं काम करतो. गेल्या रविवारी माझा ऑसिलोस्कोप (विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) काकांकडे नेला. मोबाईलला हेडफोनची छोटी टाइप-सी वायर लावली (डॅक त्या वायरीतच होता) आणि १०,००० हर्ट्झचा सूर वाजवला. एका लाटेला जेमतेम चार-साडेचार आकडे. पडद्यावर मात्र गुळगुळीत लाट. काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

आता ३२ बिट. १६ बिटांत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं, २४ बिटांत कागदावर १४४. प्रत्यक्षात उत्तमातली चिपसुद्धा १२०-१३० च्या आसपास अडते, कारण रेझिस्टरमधली उष्णतेची खरखर कुणालाच चुकत नाही. त्याखालचे बिट त्या खरखरीतच बुडतात. इंदूर घराण्याचे गायक उस्ताद अमीर खाँसाहेब १९७४ मध्ये गेले. त्यांचं गाणं टेपवर घेतलेलं, आणि त्या टेपची सुरसुर १६ बिटांच्या तळापेक्षा बरीच वर आहे. टेपवर जे आलंच नाही, ते कोणता डॅक आणून देईल? ध्वनिमुद्रण करताना २४ बिट जरूर घ्यावेत, पातळी ठरवायला मोकळीक मिळते. ऐकण्यासाठी त्यावर पैसे घालू नयेत.

‘डॅक ही शौकिनांचीच चीज’ असंही काहींना वाटतं, तेही खोटं. ब्लूटूथच्या इयरबडमध्ये तो आहे, मोबाईलच्या टॉवरमध्ये आहे. आमच्या पीएलसीच्या (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या) ॲनालॉग आउटपुट कार्डावरचा डॅक ४ ते २० मिलिअँपिअरच्या करंटने व्हॉल्व्ह उघडतो. शून्याऐवजी ४ पासून सुरुवात, म्हणजे तार तुटली की लगेच कळतं.

डिजिटल आवाज कधीकधी खरंच वाईट लागतो, हे मान्य. कमजोर ॲम्प्लिफायर किंवा चार्जरची घरघर असली की कुणालाही जाणवेल. काकांच्या तीन फायली मलाही दबलेल्या वाटल्या. कॅसेट प्लेअर उघडला, तर टेप वाचणारं हेड तिरपं झालेलं. त्याने वरचे स्वर मरतात. बाजूचा बारीक स्क्रू फिरवत गेलो, तसा झांजेचा आवाज एकदम उघडला. फायली आहेत तशाच ठेवल्यात. येत्या रविवारी त्या तीन कॅसेट पुन्हा उतरवणार आहोत.